"हिरवी टिक दिसली की मर्ज कर" : बॉटबरोबर काम करताना आम्हाला काय वाटतं

(या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना येणारे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेचसे काढलेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय. डेटा संपला असेल किंवा हेडफोन घरी राहिले असतील तर वाचा.)

आजचा एपिसोड मी पेडगावहून रेकॉर्ड करतोय. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मी थांबतो.

झालं? होस्टेलच्या पहिल्या दिवसापासून हे चाललंय. "गाव कुठलं?" "पेडगाव." "वेड पांघरून आलास का मग?" बी.टेक.ची चार वर्षं, नोकरीची सहा वर्षं, जोक तोच. खरं सांगायचं तर म्हणीतलं पेडगाव आमचं नाहीच. ते श्रीगोंद्याकडचं, भीमेच्या काठचं, बहादूरगडवालं. मराठ्यांच्या एका तुकडीनं हुल दिली, बहादूरखानाची फौज तिच्यामागे धावली, आणि दुसऱ्या तुकडीनं मोकळा पडलेला तळ लुटला, अशी ती कथा. आमचं पेडगाव परभणी जिल्ह्यातलं. परभणीहून मनमाडच्या दिशेनं निघालात की लागणारं छोटं स्टेशन. मध्येच धडधड ऐकू आली तर समजून जा, एक्स्प्रेस आहे, ती काही इथे थांबत नाही.

पण आज ती म्हण मला लागणार आहे. वेड पांघरून पेडगावला जाणं म्हणजे सगळं माहीत असून माहीत नसल्यासारखं करणं. विषय आहे सॉफ्टवेअरवाल्यांबरोबर काम करणारे बॉट, आणि आम्हाला त्यांच्याबद्दल काय वाटतं. भरपूर जणांनी विचारलं होतं, "दादा, एआय आल्यावर तुमचं कसं चाललंय?" एआयकडे येतोच. पण बॉट एआयच्या आधीपासून आमच्या डोक्यावर बसलेत, आणि आमचं दुखणं तिथून सुरू होतं.

जे या लाईनमधले नाहीत त्यांच्यासाठी दोन मिनिटं. आमचा कोड एका सामाईक जागी असतो, बहुतेकांचा गिटहबवर. तिथे जाऊन थेट बदल करायचा नसतो. "मी एवढे एवढे बदल केलेत, बघा आणि पटले तर घ्या" असा अर्ज टाकायचा. त्याला पुल रिक्वेस्ट म्हणतात. दुसऱ्यानं तो वाचायचा, तो रिव्ह्यू. पटला तर अप्रूव्ह करायचा आणि मूळ कोडात मिसळायचा, ते मर्ज. आधी अर्ज टाकणारा माणूस आणि वाचणारा पण माणूस. आता टाकणारा बऱ्याचदा बॉट असतो.

बॉट कशाचा अर्ज टाकतो? आम्ही कोणीही सगळा कोड स्वतः लिहीत नाही. तारखांचा हिशेब, पीडीएफ बनवणं, पासवर्ड तपासणं, सगळ्यासाठी जगभरातल्या लोकांनी लिहून फुकट ठेवलेल्या लायब्रऱ्या असतात. त्या आणतो आणि जोडतो. त्यांना डिपेंडन्सी म्हणतात. त्यांच्यात सतत दुरुस्त्या होत राहतात, आणि जुनं व्हर्जन तसंच ठेवलं तर कधीतरी तिथूनच चोर आत येतो. अमेरिकेतल्या इक्विफॅक्स कंपनीचं हेच झालं. ॲपाची स्ट्रट्स नावाच्या लायब्ररीतल्या भोकाची दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये आली होती. त्यांच्याकडे ती वेळेत बसली नाही, मे महिन्यात चोर घुसले, आणि सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली. दुरुस्ती बाजारात होती, कोणी बसवली नाही, एवढंच.

हे माणसाच्यानं होत नाही म्हणून बॉट आले. सगळ्यात ओळखीचा डिपेंडाबॉट. २०१७ मध्ये सुरू झाला, २०१९ मध्ये गिटहबनं विकत घेतला. तो तुमच्या सगळ्या डिपेंडन्सी बघतो, नवं व्हर्जन आलं की स्वतः पुल रिक्वेस्ट टाकतो. थकत नाही, सुट्टी घेत नाही, पगारवाढ मागत नाही. मग आम्हाला त्रास काय आहे?

आता माझ्या सोमवारची गोष्ट ऐका. मी पुण्यातल्या एका कंपनीसाठी घरून काम करतो, नाव घेत नाही. आमच्याकडे तीसेक रिपॉझिटऱ्या आहेत, म्हणजे कोडाच्या तीसेक वेगवेगळ्या पेट्या समजा. डिपेंडाबॉटला आठवड्यातून एकदा बघ असं सांगितलं आणि वार सांगितला नाही, तर तो सोमवार धरतो. एका पेटीत एका वेळी जास्तीत जास्त पाच अर्ज उघडे ठेवतो, ही त्याची नेहमीची मर्यादा. पाच म्हणजे काहीच नाही. पण तीस पेट्या गुणिले पाच? सोमवारी सकाळी चहा घेऊन बसलो की समोर शे-सव्वाशे मेल. त्यात एखादा खरंच आग लागल्याचा, बाकीचे "अमुकचं ४.२.१ होतं, ४.२.२ आलंय" असले. सगळे दिसायला सारखे. त्याच निळ्या चिन्हाचे, त्याच भाषेतले.

हे मला नवीन नव्हतं. हे मी लहानपणापासून आमच्या शिवारात बघतोय.

आमच्याकडे शेतीला थ्री फेज लाईट काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. रात्री एक वाजता लाईट येणार असेल तर उठून विहिरीवर कोण जाईल? अंधार, साप, विंचू. म्हणून लोक मोटारीच्या स्टार्टरला ऑटो बसवतात. लाईट आली की मोटार आपोआप चालू, माणूस घरी झोपलेला. छान आहे. पण एका डीपीवर पंधरा-वीस मोटारी असतात. लाईट आली की सगळे ऑटो एकाच क्षणी मोटारी चालू करतात. आणि मोटार चालू होताना पहिल्या काही सेकंदांत नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. पंधरा-वीस मोटारी, प्रत्येकी पाच-सात पट, एकाच वेळी. डीपी जळते. मग दुसरी येईपर्यंत सगळं शिवार कोरडं, ज्याच्याकडे ऑटो नव्हता त्याचं पण. महावितरण शेतकऱ्यांना परत परत सांगतं की ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा, ते याच्यासाठी.

यात एकाही ऑटोची चूक काढता येत नाही. प्रत्येक जण आपलं काम बरोबर करतोय. त्याला शेजारच्या एकोणीस ऑटोंचं काही माहीत नसतं, एवढंच.

आमच्याकडे डीपी म्हणजे डेव्हलपरचं डोकं.

हे फक्त माझं रडगाणं नाही. २०१७ मध्ये मिरहोसेनी आणि पार्निन या दोन संशोधकांनी गिटहबवरचे ७,४७० प्रोजेक्ट तपासले होते. तेव्हा डिपेंडाबॉट नाही, ग्रीनकीपर नावाचा बॉट चालायचा. ज्या प्रोजेक्टमध्ये असे आपोआप अर्ज येत होते तिथे अपडेट १.६ पट जास्त वेळा होत होते. म्हणजे बॉटचा फायदा आहे, खोटं कशाला बोला. पण त्याच अभ्यासात हेही निघालं की बॉटच्या अर्जांपैकी फक्त ३२ टक्के मर्ज झाले. बाकीचे पडून, किंवा बंद. ब्राझीलच्या मैरिएली वेसेल आणि सहकाऱ्यांनी नंतर डेव्हलपरांशी बोलून बॉटचा त्रास नेमका काय असतो ते शोधलं, तर सगळ्यात वर निघाला गोंगाट. बॉट चुकतात यापेक्षा बॉट बोलतात फार, ही तक्रार.

माणूस गोंगाटाचं काय करतो? कान बंद करतो. मी मेलला फिल्टर लावला. डिपेंडाबॉटचा मेल आला की थेट एका फोल्डरमध्ये, न वाचता. त्या फोल्डरचं नाव मी 'पेडगाव' ठेवलं होतं. आईशप्पथ. तेव्हा मला तो लई भारी विनोद वाटला होता.

गंमत म्हणजे बॉट बनवणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे. २०२३ पासून डिपेंडाबॉट असा वागतो की ९० दिवस तुम्ही त्याच्या अर्जांकडे ढुंकून पाहिलं नाही तर तो स्वतःहून थांबतो. रुसलेल्या पाहुण्यासारखा.

अजून एक जात आहे, ती मला खरंच आवडत नाही. स्टेल बॉट. तुम्ही एखाद्या प्रोजेक्टमध्ये तक्रार टाकता, की बाबा इथे बिघाड आहे. कोणी उत्तर देत नाही. ६० दिवसांनी स्टेल बॉट येऊन म्हणतो की इथे काही हालचाल नाही. अजून ७ दिवस गेले की तक्रार बंद. हे आकडे त्याच्या मूळ सेटिंगमधलेच आहेत. बिघाड तसाच, तक्रार मात्र निकाली. आपल्याला हा अनुभव घ्यायला कॉम्प्युटर लागत नाही, कुठल्याही खिडकीवर एक अर्ज देऊन बघा. पण प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याच्या बाजूनं बघितलं तर तोही एकटा, बिनपगारी, आणि समोर दोन हजार तक्रारींचा ढीग. दोघांच्या मध्ये बॉट उभा केलाय, म्हणजे कोणालाच कोणाला तोंडावर नाही म्हणावं लागत नाही.

असो. आता मूळ गोष्टीकडे येतो. ही सांगायची की नाही याचा मी दोन आठवडे विचार करत होतो.

आमचं सॉफ्टवेअर दुकानांचं बिल बनवतं. किराणा, हार्डवेअर, आणि बरीच कृषी सेवा केंद्रं. ग्राहकाचं नाव मराठीत टाकता येतं, हीच आमची जाहिरात. टीममध्ये एक ज्युनिअर आली, हिंगोलीकडची, पहिलीच नोकरी. मला "सर" म्हणायची. मी म्हटलं सर नको, दादा म्हण. तिला पहिलं काम दिलं ते बॉटच्या अर्जांचा ढीग साफ करायचं. नव्या माणसाला आम्ही तेच देतो, कारण जुन्यांना कंटाळा आलेला असतो. तिनं विचारलं, "दादा, यातलं काय वाचायचं?" मी म्हटलं, "वाचत बसू नकोस. टेस्ट पास झाल्या असतील, हिरवी टिक दिसली, की मर्ज कर."

हे माझे शब्द. चॅटमध्ये आहेत अजून.

जून महिना, पेरणीचे दिवस. एका गुरुवारी संध्याकाळी पीडीएफ बनवणाऱ्या लायब्ररीचं छोटं अपडेट आलं. हिरवी टिक होती. तिनं मर्ज केलं. शुक्रवारी सकाळी दुकानं उघडली आणि बिलांवरची नावं मोडली. 'ज्ञानेश्वर'मधला ज पाय मोडून वेगळा उभा, ञ वेगळा. 'शिवाजी'ची पहिली वेलांटी श सोडून व वर चढलेली. मराठी अक्षरं टाईप होतात एका क्रमानं आणि कागदावर बसतात वेगळ्या क्रमानं. ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर टाईप होते पण दिसते अक्षराच्या आधी, जोडाक्षरं एकमेकांत बसवावी लागतात. ते बसवण्याचं काम त्या अपडेटमध्ये बिघडलं होतं. मग टेस्ट हिरव्या कशा? कारण आमच्या टेस्टमधल्या ग्राहकाचं नाव होतं 'जॉन डो', तेही इंग्रजी अक्षरांत. मराठीत बिल देणारी कंपनी आम्ही, आणि टेस्टमध्ये एक मराठी नाव नाही.

दुपारपर्यंत कळलं तेव्हा शेकडो बिलं छापून लोकांच्या हातात गेली होती. एका दुकानदारानं सपोर्टला फोन करून जे सांगितलं ते माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणाले, "अहो, बियाण्याचं बिल शेतकरी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवतो. बी उगवलं नाही तर तक्रार करायला तेच लागतं. त्याच्यावर त्याचं नावच धड नाही." मी शेतकऱ्याच्या घरातला आहे. मला हे दुसऱ्यानं सांगायला नको होतं.

चारला कॉल लागला. स्क्रीनवर ती पुल रिक्वेस्ट उघडली. अर्ज टाकणारा: डिपेंडाबॉट. अप्रूव्ह करणारी: ती. मॅनेजर म्हणाले, "हे वाचलं होतं का तू?" ती म्हणाली, "टेस्ट पास होत्या सर." त्यावर तिला बरंच ऐकावं लागलं. मी कॉलवर होतो. माझा माईक म्यूट होता, आणि इतर वेळी दगा देणारं इथलं नेट नेमकं त्या दिवशी झकास चालू होतं. मी काही बोललो नाही.

आता कळलं, म्हण का लागणार होती?

रात्री ग्रुपवर लिहिलं मी, की न वाचता मर्ज कर असं मीच सांगितलं होतं, हा तो स्क्रीनशॉट. मॅनेजरनी अंगठा टाकला. तिनं लिहिलं, "ओके दादा." बस. चारला बोलायला पाहिजे होतं, रात्री साडेनऊला लिहिलं. मधल्या साडेपाच तासांत तिनं घरी काय सांगितलं असेल ते मला माहीत नाही.

आणि शनिवारी सकाळी काय झालं? डिपेंडाबॉटचा नवा अर्ज. लायब्ररीवाल्यांनी बिघाड दुरुस्त केला होता, नवं व्हर्जन आलं होतं, बॉटनं इमानदारीत आणून ठेवलं. तोच चेहरा, तीच भाषा. काही घडलंच नाही जसं. त्याच्यासाठी काही घडलंच नव्हतं.

इथे मला माझ्या चिडचिडीचं मूळ सापडलं असं वाटतं. बॉट चुकला म्हणून राग येत नाही, माणसं त्याच्यापेक्षा जास्त चुकतात. काम तो करतो आणि नाव आपलं लागतं, हे टोचतं. त्याला बोलणी बसत नाहीत. ती बसायला एक माणूस लागतो, आणि तो बहुतेक वेळा टीममधला सगळ्यात नवा, सगळ्यात गरीब माणूस असतो.

यावर एक खरा किस्सा आहे. स्वीडनच्या केटीएच विद्यापीठातले मार्टिन मोनपेरस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रिपेअरनेटर नावाचा बॉट बनवला. कुठे कोडाची टेस्ट फेल झाली की तो स्वतः दुरुस्ती शोधून पुल रिक्वेस्ट टाकायचा. पण त्यांना वाटलं, बॉट म्हटलं की लोक आधीच नाक मुरडतात. म्हणून २०१८ मध्ये त्यांनी त्याला माणसाचं सोंग दिलं. नाव 'लुक एसाप', फोटो एका उत्साही ज्युनिअर डेव्हलपरचा. आणि त्याच्या पाच दुरुस्त्या लोकांनी माणसाच्या समजून स्वीकारल्या. पण एका प्रोजेक्टवाल्यांनी सांगितलं की दुरुस्ती चांगली आहे, मात्र आधी आमच्या करारावर सही करा. तिथे अडलं. बॉट सही कशी करणार? ज्यानं बनवला त्यानं करायची, ज्यानं चालवला त्यानं, की अल्गोरिदम लिहिणाऱ्यानं? कोड लिहिणं जमलं, सही जमेना.

उलटं सोंगसुद्धा झालंय. २०२३ मध्ये चोरांनी लोकांची गिटहबची टोकन मिळवून शेकडो रिपॉझिटऱ्यांमध्ये घातक कोड घातला, आणि ते बदल डिपेंडाबॉटनं केल्यासारखे दाखवले. का? डिपेंडाबॉटचं नाव दिसलं की कोणी वाचत नाही, हे चोरांना बरोबर माहीत होतं. माझं 'पेडगाव' फोल्डर त्यांनी बघितलं नव्हतं, पण असणार हे ओळखलं होतं. हुल कुठे द्यायची ते कळलं की तळ लुटायला वेळ लागत नाही.

आता एआयकडे. मे २०२५ मध्ये गिटहबनं कोपायलटला अशी सोय दिली की एखादं काम सहकाऱ्याला द्यावं तसं त्याला द्यायचं. तो कोड लिहितो, पुल रिक्वेस्ट टाकतो, तुम्ही रिव्ह्यू करायचा. म्हणजे आधीचा बॉट व्हर्जनचा एक आकडा बदलायचा, हा चारशे ओळी लिहून आणतो. आणि वाचायला माणूस तोच, डोकं तेवढंच. स्टॅक ओव्हरफ्लोच्या २०२५ च्या सर्व्हेत ८४ टक्के लोक एआय वापरतायत किंवा वापरणार आहेत, आणि त्याच सर्व्हेत ४६ टक्के म्हणतात की त्याच्या उत्तरावर आमचा भरवसा नाही. भरवसा असणारे ३३ टक्के. सगळ्यात मोठी तक्रार कोणती, तर उत्तर जवळजवळ बरोबर असतं, पण पूर्ण नसतं. साफ चुकलेलं लगेच दिसतं हो. जवळजवळ बरोबर असलेलं शोधायला डोळे फुटतात.

मेटर नावाच्या संस्थेनं २०२५ मध्ये १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपरांना त्यांच्याच ओळखीच्या प्रोजेक्टमधली २४६ कामं दिली, काही एआय वापरून, काही न वापरता. एआय वापरलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. डेव्हलपरांना मात्र काम संपल्यावरही वाटत होतं की आपला २० टक्के वेळ वाचला. सोळाच लोक आहेत, टूल पण तेव्हाची, त्यामुळे यावरून एआय फालतू आहे असं मी म्हणणार नाही. मी रोज वापरतो. रेग्युलर एक्स्प्रेशन मी शेवटचं हातानं कधी लिहिलं ते आठवत नाही. पण आपल्याला जे वाटतं आणि घड्याळ जे सांगतं त्यात एवढं अंतर असू शकतं, हे ऐकून मी जरा गप्प झालो.

यात नव्या मुलांचं काय होतं ते कोणी फारसं बोलत नाही. आमच्या त्या ज्युनिअरनं स्वतःची पहिली पुल रिक्वेस्ट टाकली तेव्हा तिच्यावर सतरा कमेंट आल्या. सतराही एआय रिव्ह्यू बॉटच्या. हे नाव बदला, ही ओळ लांब आहे, इथे चूक होऊ शकते. त्यातल्या चार कामाच्या होत्या. माणसाची कमेंट? एकही नाही. आम्हाला वाटलं बॉटनं बघितलंय की. माझ्या पहिल्या पुल रिक्वेस्टवर माझ्या सिनिअरनं तीनच गोष्टी लिहिल्या होत्या, आणि शेवटी, "बाकी झकास, जेवायला चल." तिला जेवायला चल कोणीच म्हटलं नाही.

घटनेनंतर आम्ही काही गोष्टी बदलल्या. छोटे अपडेट आता आठवड्याला एकाच गठ्ठ्यात येतात, गिटहबनं ती सोय २०२३ मध्ये दिलीच होती, आम्हीच वापरली नव्हती. वार सोमवारऐवजी बुधवार. सुरक्षेचे अर्ज वेगळे, ते गठ्ठ्यात जात नाहीत आणि कोणाच्या फोल्डरमध्येही जात नाहीत. बॉटचा अर्ज अप्रूव्ह करताना आपण काय तपासलं ते एक ओळ लिहायची, नुसती टिक चालत नाही. आणि हे काम आळीपाळीनं, पहिली पाळी माझी. टेस्टमधला जॉन डो गेला. आता तिथे ज्ञानेश्वर आहे, कृष्णा आहे, शिवाजी आहे, क्षीरसागर आहे. ही यादी त्या ज्युनिअरनंच केली, न सांगता. ती टीममध्ये आहे अजून. काम चांगलं करते, प्रत्येक ओळ वाचते, जरा जास्तच वाचते. पण आधी बॉटनं काही विचित्र लिहिलं की मला स्क्रीनशॉट पाठवून हसायची. आता पाठवत नाही.

आमच्या विहिरीवरचा ऑटो पण गेला. त्याची वेगळीच तऱ्हा. मागच्या उन्हाळ्यात विहिरीत पाणी नव्हतं, रात्री लाईट आली, ऑटोनं मोटार चालू केली, ती कोरडी फिरत राहिली आणि जळाली. मी चिडलो तर आण्णा म्हणाले, "त्याच्यावर कामून चिडतूस? त्याला काय ठाव इहिरीत पाणी हाय का नाही. त्याला लाईट आल्यालं कळतंय तेवढंच." मी मनात म्हटलं, हिरवी टिक.

मग मोबाईल स्टार्टर बसवला. ही कल्पना आपल्याकडचीच. पुण्याचे संतोष ओस्तवाल यांनी नॅनो गणेश नावाचं यंत्र बनवलं, मोबाईलवरून मोटार चालू-बंद करायचं, आणि २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं. आता तसली बरीच यंत्रं मिळतात. ते आधी लाईट आहे का सांगतं, आणि चालू कर म्हटलं की करतं. पण 'कर' हे माणसानं म्हणायचं असतं. आण्णांना ते आवडलं. मला वाटलं आता रात्रीचं उठणं संपलं. तसं काही झालं नाही, कारण पाणी किती आहे ते या यंत्रालाही कळत नाही. ते बघायला कोणीतरी बॅटरी घेऊन विहिरीपर्यंत जावंच लागतं, आणि घरात बी.टेक. झालेला एकच आहे.

(मागून आवाज येतो.) ऐकलं का? लाईट आलीय, आण्णा हाक मारतायत. इथेच थांबतो. तुमच्या टीममध्ये बॉटचा अर्ज कोण वाचतं ते मला व्हॉइस नोटवर सांगा, पुढच्या एपिसोडमध्ये लावू. आलो आण्णा, आलो!